पार्किंग लाइट लावला की टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्यात: जुनी डिझेल पिकअप, इंदूर

खंडवारोड_पिकअप

नमस्कार मंडळी. गाडी 2003 मॉडेलची डिझेल पिकअप, 12 व्होल्ट, साधा यांत्रिक पंप, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) नाही. चोइथराम मंडीतून कांदा-बटाटा भरून सिमरोल, बडवाहच्या बाजूला फेऱ्या असतात.

दिवसा टेम्परेचरचा काटा मधोमध उभा असतो. संध्याकाळी पार्किंग लाइटची पहिली खटकी दाबली की काटा लगेच वर चढतो आणि लाल पट्ट्याच्या तोंडाशी थांबतो. हेडलाइट लावले तरी त्याहून फारसा वर जात नाही. लाइट बंद केले की परत मधे. इंडिकेटर चालू असताना प्रत्येक मिचकावणीला काटा बारीक थरथरतो, आणि डिझेलचा काटाही थोडा हलतो. मीटरमधले दिवे मंद आहेत. रेडिएटर उकळत नाही, पाणी कमी होत नाही, सेल्फ जोरात फिरतो.

गॅरेजमध्ये नवीन सेंडर (इंजिनवर बसणारा, तापमान मीटरला कळवणारा भाग) टाकून झाला, फरक शून्य. आता पूर्ण मीटर बदला म्हणताहेत. मीटर बदलावा का? आणि तोवर भेरूघाट चढताना या काट्यावर विश्वास ठेवायचा की नाही?

डिझेलकाका

मीटरला हात लावण्याआधी एक गोष्ट पक्की करा: इंजिन खरोखर किती गरम आहे. काटा खोटं बोलतोय असं गृहीत धरून निघालेल्या माणसाचं हेड पॅकिंग (इंजिनच्या हेडखालचं गॅस्केट) घाटात जातं, आणि तो खर्च शंभर सेंडरच्या वर असतो.

लेझरवाली टेम्परेचर गन आणा, जेल रोडवर सहज मिळते. गाडी अर्धा तास चालवून आणा आणि इंजिन चालूच ठेवून थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेच्या) घरावर, म्हणजे वरचा होज पाईप इंजिनला जिथे जोडलेला असतो तिथे, गन धरा. घर चकचकीत ॲल्युमिनियमचं असेल तर गन कमी तापमान दाखवते, कारण तशा पृष्ठभागातून उष्णतेचे किरण कमी निघतात. त्यावर काळी इन्सुलेशन टेप एक इंच चिकटवा, दोन मिनिटं थांबा आणि टेपवर नेम धरा. गन एका वितीच्या आत न्या, लांबून धरली तर आजूबाजूचं सगळं मोजते. फॅनपासून हात आणि गळ्यातला गमछा दूर ठेवा. धातूचा बाहेरचा अंग आतल्या पाण्यापेक्षा 5 ते 10 अंशांनी थंड असतो. म्हणजे गनवर 78 ते 85 आलं तर इंजिन ठणठणीत आहे. 95 च्या वर आलं तर काटा खरा, मग वायरिंग सोडा आणि पाण्याची पातळी, फॅन बेल्ट, वॉटर बॉडी (पाण्याचा पंप), रेडिएटरची जाळी या बाजूने सुरुवात करा.

विश्वास ठेवायचा का, याचं उत्तर: लाइट लावल्यावर चढलेल्या काट्यावर नको, पण खाली पडलेल्या काट्यावर तर अजिबात नको. सेंडरचं टोक पाण्यात बुडालेलं असेल तरच तो नीट मोजतो. होज फुटून पाणी गेलं की टोक कोरडं पडतं आणि इंजिन जळत असताना काटा खाली येतो. चढावर मधे उभा असलेला काटा अचानक "गार"कडे झुकला तर गाडी बाजूला घ्या. गरम इंजिनचं रेडिएटर झाकण मात्र उघडू नका. आत दाब असतो, झाकण सैल होताच तेच पाणी वाफ होऊन तोंडावर येतं. वरचा होज हाताने दाबता येईल इतका थंड झाला की मगच.

तांब्याची_तार

काकांचं पहिलं पाऊल करून घ्याच, पण तुमची लक्षणं वाचून सांगतो: मीटर बदलू नका. दोष बहुतेक मीटरच्या अर्थिंगचा आहे.

आधी सर्किट समजून घ्या. इग्निशनकडून 12 व्होल्ट मीटरला येतात. मीटरमधून एक वायर सेंडरला जाते. सेंडरला दुसरी वायर नसते, तो स्वतःच्या आट्यांतून इंजिन ब्लॉकला अर्थ होतो. सेंडरच्या आत असा पदार्थ असतो की तो तापला की त्याचा रोध कमी होतो, जास्त करंट वाहतो, काटा वर जातो. तुमच्या काळच्या बऱ्याच मीटरांत दोन गुंडाळ्या असतात, एक काट्याला गरमकडे ओढते आणि एक गारकडे, तराजूच्या दोन पारड्यांसारख्या. गारकडे ओढणारी गुंडाळी मीटरच्या स्वतःच्या काळ्या अर्थ वायरवर जगते. ती वायर सैल किंवा गंजलेली असेल आणि तिच्यावर आणखी बोजा पडला, तर ते पारडं हलकं होतं आणि काटा गरमकडे जातो. इंजिनचा त्यात काही संबंध नाही.

आता तुम्ही दिलेली पहिली खटकी आणि दुसरी खटकी ही माहिती सोन्यासारखी आहे. पार्किंगच्या खटकीला मीटरमधले चार-पाच छोटे बल्ब लागतात, त्यांचा करंट मीटरच्याच अर्थ वायरने परत जातो. काटा तिथेच उडतोय, हेडलाइटला आणखी वाढत नाहीये. इंडिकेटरचा छोटा बल्बही मीटरमध्येच असतो, म्हणून काटा मिचकावणीबरोबर थरथरतो. मीटरचे दिवे मंद, डिझेलचा काटाही सोबत हलतो. हे सगळं एकाच काळ्या वायरकडे बोट दाखवतंय. उलट काटा पार्किंगला स्थिर राहून हेडलाइटला उडाला असता, तर इंजिन आणि चॅसिस यांना जोडणाऱ्या जाड पट्टीवर संशय घेतला असता. पण ती पट्टी खराब असली तर सेल्फ आधी कुरकुरतो. तुमचा जोरात फिरतोय.

अंदाजावर थांबू नका, मोजा. मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, खांबाच्या शिशावरच, वरच्या क्लॅम्पवर नाही. लाल प्रोब मीटरच्या मागे जिथे काळी वायर बसते त्या बोल्टवर. लांब वायरचा तुकडा लागेल. इंजिन चालू ठेवून आधी लाइट बंद, मग पार्किंग, मग हेडलाइट, असं तीनदा वाचा. मग लाल प्रोब इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर ठेवून तेच. चांगल्या अर्थला सगळ्या वेळी 0.1 व्होल्टच्या आत आकडा यायला हवा.

ओहमच्या रेंजवर अर्थ तपासण्याची चूक बरेच जण करतात. मल्टिमीटर तेव्हा नाममात्र करंट सोडतो. वायरचे चौदा धागे तुटून दोन उरलेले असले तरी तो "ठीक" दाखवतो. बोजा पडल्यावर किती व्होल्ट अडकतात तेच खरं मोजमाप.

खंडवारोड_पिकअप

मोजलं. मीटरच्या बोल्टवर लाइट बंद असताना 0.28 व्होल्ट, पार्किंग लावल्यावर 1.8, हेडलाइटला 1.85. इंजिन ब्लॉकवर तिन्ही वेळा 0.04 ते 0.06. गन अजून मिळाली नाही, उद्या बघतो.

तांब्याची_तार

मग झालंच. ब्लॉकचा अर्थ उत्तम, म्हणजे सेंडरची बाजू निर्दोष. मीटरच्या वायरमध्ये साधारण तीन ओहमचा अडथळा बसलाय. तिथे एक ओहमही जास्त आहे.

बॅटरीचा निगेटिव्ह काढा, कारण मीटरच्या मागे इग्निशनची लाल वायर उघडी असते आणि पाना टेकला तर ठिणगी पडते. मीटरचे स्क्रू काढा, मागून स्पीडोमीटरची केबल सोडवा, मीटर पुढे ओढा. केबल न सोडता ओढला तर प्लॅस्टिकचं नरसाळं तुटतं आणि ते सुटं मिळत नाही. काळी वायर डॅशबोर्डच्या मागे बॉडीवर एका स्क्रूला थिंबलने (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीने) बसलेली असेल. थिंबलच्या गळ्यात हिरवट पूड दिसेल, तांब्याचा गंज. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी तिथे झिरपतं.

थिंबल घासून परत बसवू नका. वायर मागे कापा आणि धागे बघा. लखलखीत तांबडे दिसेपर्यंत कापत जा. आत काळे पडलेले धागे कितीही पिळले तरी करंट धरत नाहीत. मग दीड चौरस मिलिमीटरची नवी काळी वायर जोडा, टोकाला स्क्रूच्या मापाची गोल थिंबल क्रिम्पिंग पक्कडीने दाबा. साध्या पक्कडीने चेपलेली थिंबल सहा महिन्यांत सैल होते. बॉडीवर थिंबलच्या आकाराचा रंग पॉलिश पेपरने खरवडून पत्रा पांढरा करा, खाली दातेरी वॉशर घाला, आवळा, आणि वरून व्हॅसलिन फासा. व्हॅसलिन आधी लावून मग आवळायचं नाही.

मीटर बाहेर आहेच तर मागची छापील सर्किटची पट्टी बघा. तांब्याच्या वाटा काळ्या झाल्या असतील तर शाळेच्या खोडरबराने पुसा, पॉलिश पेपर नको, थर पातळ असतो. गेजच्या बोल्टवरचे छोटे नट सैल असतात, बोटाच्या जोराने आवळा. ते जास्त पिळले तर आतली गुंडाळी तुटते.

बसवून झालं की पुन्हा तेच मोजमाप. 0.1 च्या आत यायला हवं.

पानावाले_जुनी_इंदूर

वरचं सगळं बरोबर आहे. धागा नंतर वाचणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी जोडतो, कारण सगळ्यांची लक्षणं अशी नसतात.

इग्निशन लावताच दोन सेकंदांत काटा थेट लालमध्ये गेला आणि इंजिन थंडगार असेल, तर सेंडरची वायर कुठेतरी पत्र्याला लागलीये. बोनेटच्या भिंतीतून वायर जिथे येते तिथला रबर ग्रोमेट आधी बघा, मग एक्झॉस्टच्या जवळून जाणारा भाग. उंदीरही हेच काम करतात, मंडीत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत जास्त.

काटा तळाशी मेला असेल तर सेंडरची वायर काढून इंजिनला टेकवतात, काटा वर गेला तर मीटर आणि वायर चांगली, सेंडर वाईट. पण वायर थेट अर्थला टेकवून धरून ठेवू नका, काही मीटरांच्या गुंडाळीला ते झेपत नाही. त्यापेक्षा चार रेझिस्टर घ्या, 68, 47, 39 आणि 22 ओहम, एक वॅटचे. बाजारात सर्रास मिळणारा 120 अंशी (120 अंशांपर्यंत मोजणारा) सेंडर 80 अंशांना सुमारे 70 ओहम, 90 ला 51, 100 ला 38 आणि 120 ला 22 दाखवतो. वायर आणि ब्लॉक यांच्यामध्ये 68 लावला की काटा मध्याच्या जवळपास, 39 ला वर, 22 ला लालमध्ये जायला हवा. यात मीटर एका मिनिटात पास किंवा नापास होतो आणि काही जळत नाही.

सेंडर तपासायचा तर पातेल्यात पाणी उकळा, सेंडरचं फक्त पितळी टोक बुडवा, मल्टिमीटरची एक प्रोब वरच्या पिनवर, एक षटकोनी भागावर. ध्यानात ठेवा, इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. त्यामुळे 38 ऐवजी 40-41 ओहम आला तर सेंडर नाकारू नका.

नवा सेंडर टाकूनही काटा सतत एकाच बाजूला चुकत असेल तर सेंडर मीटरच्या जोडीचा नाही. आटे सारखे असले की दुकानदार देतो आणि तो बसतोही, पण आतला रोध वेगळ्या मीटरसाठी असतो. जुना सेंडर नमुन्याला घेऊन जा आणि दुकानातच थंड अवस्थेत दोन्हींचा ओहम मोजा. शेजारी दुसरं एक तसंच बटण असतं, लाल दिव्याचं. तो नुसता स्विच असतो, थंड असताना मल्टिमीटरवर काहीच दाखवत नाही. वायरी अदलाबदल झालेल्या गाड्या नेहमी येतात.

आणि आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. सेंडरचा अर्थ तिथूनच जातो. टेप जाड बसली की काटा कमी दाखवतो, आणि हा खोटेपणा घातक बाजूचा आहे. गळत असेल तर तांब्याचं नवं वॉशर, किंवा निमुळते आटे असतील तर पहिला आटा सोडून सीलंटचं एक बोट.

मालवा_मेटाडोर

याहून जुन्या गाडीत, जिथे काटा सावकाश रांगत चढतो, तिथे मीटरच्या मागे डबीसारखा एक व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो. तो सरासरी 10 व्होल्ट देतो. तो अडकून बसला की डिझेल आणि टेम्परेचर दोन्ही काटे एकत्र जास्त दाखवतात, लाइट लावा किंवा न लावा. त्या डबीचा अर्थही तिच्या स्क्रूमधून जातो, म्हणून बदलण्याआधी स्क्रू काढून घासून बघा.

खंडवारोड_पिकअप

वायर बदलली. पार्किंग लावून 0.05 व्होल्ट. काटा आता लाइटला हलत नाही, इंडिकेटरला थरथरत नाही, मीटरचे दिवे लख्ख. डिझेलचा काटाही जागेवर. सगळ्यांचे मनापासून आभार.

पण आता काटा दिवसाही मधे येत नाही, पाव भागावर बसतो. 68 ओहमचा रेझिस्टर लावला तर मध्याला जेमतेम कमी, 22 ला लालमध्ये. गन आणली. रिकाम्या गाडीने बायपासवर अर्धा तास फिरवून थर्मोस्टॅटच्या घरावर टेप लावून 60-62 आलं, भरलेल्या गाडीत 70 च्या आत. आधी मधे असायचा तो बरोबर होता की आता?

डिझेलकाका

आत्ताचा बरोबर. आधी अर्थ काट्याला वर ढकलत होता आणि इंजिन थंड चालत होतं, दोन दोष एकमेकांवर पांघरूण घालून काटा मधे उभा करत होते. मीटर रेझिस्टरवर पास झालाय, गनही तेच सांगतेय. तुमच्या इंजिनात थर्मोस्टॅट नाही, किंवा उघडा अडकलाय.

आपल्याकडे गाडी एकदा गरम झाली की थर्मोस्टॅट काढून फेकायची पद्धत आहे. त्याने काटा खाली राहतो आणि मालक खूश होतो. नुकसान दिसत नाही म्हणून ते नाही असं नाही. डिझेल इंजिन 80 च्या खाली चाललं की इंधन पूर्ण जळत नाही, थंड भिंतींवरून तेलात उतरतं, तेल पातळ होतं, लायनर आणि रिंगा झिजतात, सकाळी पांढरा धूर रेंगाळतो, ॲव्हरेज पडतं. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचं भोक बंद करतो. तो नसेल तर थोडं पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आत फिरतं, आणि मोकळ्या रस्त्यावर थंड असणारं तेच इंजिन चढावर भरलेल्या गाडीत तापतं. भेरूघाटासाठी हे वाईट.

खात्री सोपी आहे. सकाळी थंड इंजिन सुरू करून वरच्या होजला हात लावा. चांगल्या थर्मोस्टॅटला होज बराच वेळ थंड राहतो आणि मग एकदम गरम होतो. तुमचा पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत जाईल.

थर्मोस्टॅट 82 अंशांचा घ्या, आकडा त्याच्या तबकडीवर कोरलेला असतो. 71 चा "आपल्या हवेसाठी" म्हणून देतील, घेऊ नका. बसवण्याआधी पातेल्यात दोऱ्याने टांगा, भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका. शेजारी थर्मामीटर धरा. 82 च्या आसपास तोंड सुटायला हवं आणि पाणी खळखळा उकळताना जवळजवळ पूर्ण उघडायला हवं, साधारण 8 मिलिमीटर. थंड झाल्यावर पूर्ण मिटला पाहिजे, प्रकाशाकडे धरून बघा.

इंजिन थंड असताना रेडिएटरच्या खालच्या तोटीतून तीन-चार लिटर पाणी स्वच्छ बादलीत काढा, घराची पातळी उघडी पडेल एवढंच. घराचे बोल्ट गंजलेले असतात, आदल्या रात्री तेल सोडून ठेवा आणि गोटी पान्याने मागे-पुढे हलवत काढा, ओढून तोडू नका. जुनं गॅस्केट ब्लेडने खरवडा. थर्मोस्टॅटची स्प्रिंग इंजिनच्या बाजूला. तबकडीवर एक छोटं भोक आणि त्यात लोंबणारी पिन असते, ती सर्वांत वर यायला हवी, हवा तिथूनच निघते. ती खाली गेली तर सेंडरजवळ हवेचा बुडबुडा बसेल आणि काटा नाचत राहील.

भरताना बोरिंगचं पाणी घालू नका. त्याचा क्षार सेंडरच्या टोकावर पांढरा थर धरतो आणि काटा उशिरा जागा होतो, रेडिएटरच्या नळ्या बुजतात ते वेगळंच. बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट. इंदूरला पाणी गोठत नाही हे खरं, पण कूलंट इथे लागतं ते गंज थांबवायला आणि उत्कलनबिंदू वाढवायला. घट्ट कूलंट निम्मं, पाणी निम्मं. डब्यावर "तयार मिश्रण" लिहिलं असेल तर त्यात पाणी मिसळू नका.

हीटर असेल तर त्याची कळ पूर्ण गरमवर ठेवा. झाकण उघडं ठेवून इंजिन आयडलवर चालवा, पातळी खाली जाईल तसं भरत राहा. होज गरम होईपर्यंत बुडबुडे येतील आणि मग थांबतील. थांबलेच नाहीत, इंजिन रेटल्यावर वाढले, तर हेड पॅकिंगमधून गॅस येतोय. बुडबुडे थांबले की झाकण लावा. झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर नवं घ्या, त्यावर लिहिलेला दाब जुन्याइतकाच. 0.9 बारचं झाकण पाण्याला 118 अंशांपर्यंत उकळू देत नाही. चिरलेलं झाकण ती सगळी सोय घालवतं.

खंडवारोड_पिकअप

काका, घर उघडलं. आत थर्मोस्टॅट नाहीच, नुसतं गॅस्केट होतं. 82 चा आणलाय, पातेल्यात 83 ला सुटला. पिन वर करून रविवारी बसवतो. सेंडर गॅरेजवाल्याने टेप गुंडाळून बसवलाय असं आत्ता दिसलं, तोही काढून तांब्याच्या वॉशरवर बसवू का?

पानावाले_जुनी_इंदूर

हो, पाणी उतरलेलंच आहे तर त्याच वेळी करा. आटे तारेच्या ब्रशने साफ करा, ब्लॉकच्या आतलेही कापडाने पुसा, टेपचे तुकडे आत पडू देऊ नका. पितळ मऊ असतं, छोट्या पान्याने बसवा आणि वॉशर दबलं की थांबा. बसवल्यावर सेंडरच्या षटकोनी भागापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत, इग्निशन चालू ठेवून, परत व्होल्ट बघा. तुमच्या ब्लॉकवर 0.05 होता, तिथेही तेवढाच यायला हवा.

भरलेल्या गाडीने पहिल्यांदा घाट चढाल तेव्हा पायथ्याला आणि वर पोहोचल्यावर, दोन्ही ठिकाणी गन लावून काटा नेमका कुठे आहे ते मीटरच्या काचेवर बारीक खूण करून ठेवा. त्या खुणेच्या वर काटा गेला तर काळजी करायची, आणि चालत्या गाडीत अचानक खाली पडला तर लगेच थांबायचं.